आम्ही त्यांच्यातले नव्हे

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकी लष्कराचं मालवाहू विमान उतरलं. आत १०४ भारतीय होते, वाटभर हातात बेड्या आणि पायात साखळ्या घातलेले. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्रातले. त्या संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही बातमी आली आणि तिच्याखाली पहिला मजकूर पडला: “बरं झालं. आपली मुलं पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभी आहेत, आणि हे मागच्या दारानं घुसतात.” भराभर अंगठे आले. मी काही लिहिलं नाही, पण मनातून मलाही ते पटलं होतं.

त्याच ग्रुपमध्ये माझी भाची आहे. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. जावई एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. ग्रीन कार्डचा अर्ज केव्हाचा भरलेला, नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. तेव्हा तिला सातवा महिना होता. २० जानेवारीला, म्हणजे त्या विमानाच्या सोळा दिवस आधी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी एका हुकमावर सही केली होती. आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर मूल अमेरिकेत जन्मलं तरी नागरिक धरायचं नाही, हा त्यातला पहिला भाग. लगेच दुसरा: आई कायदेशीर पण तात्पुरती आलेली असेल, शिकायला, नोकरीच्या व्हिसावर किंवा फिरायला, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तरीही नाही. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांना हे लागू होणार होतं. भाचीनं मला हॉस्पिटलात न्यायच्या बॅगेचा फोटो पाठवला. दुपटी, झबली, तिच्या आईनं इथून धाडलेली डिंकाच्या लाडवांची पिशवी, आणि वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात दोघांच्या आय-७९७ च्या, म्हणजे व्हिसा मंजूर झाल्याच्या सरकारी कागदांच्या, प्रती. खाली एकच ओळ: “मावशी, बाळाचा पासपोर्ट कुठला?”

न्यायालयांनी तो हुकूम लगेच रोखला. एप्रिलमध्ये बाळ आलं आणि त्याला अमेरिकी पासपोर्ट मिळाला. पण ते दोन भाग माझ्या डोक्यातून जात नाहीत. ग्रुपवरच्या त्या मजकुराचा अर्थ होता, ‘आम्ही त्यांच्यातले नव्हे.’ आम्ही शिकलेले, कर भरणारे, कंपनीनं बोलावून नेलेले. हुकूम काढणाऱ्यानं मात्र दोन्ही आयांना एकापाठोपाठच्या दोन ओळींत बसवलं होतं. अमेरिकेच्या नागरिकत्व कायद्यांचा इतिहास मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्यात हे वाक्य वारंवार भेटतं. आपल्याच माणसांनी ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयात मांडलेलं आहे, आणि ते फार महाग पडलं. आज आपल्या मुलांना तिथे जे हक्क मिळतात ते हे वाक्य न म्हणणाऱ्यांनी मिळवून दिलेले आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी त्या रांगेबद्दल. “आमचे आजे-पणजे कायदा पाळून, रांगेत उभे राहून आले,” असं गोरे अमेरिकन नेहमी सांगतात. ती रांग बहुतेकांच्या बाबतीत काही तासांची होती. १९२१ पर्यंत युरोपातून किती माणसं यावीत याला संख्येची मर्यादाच नव्हती. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर डॉक्टर डोळे तपासायचे, कारकून नाव-गाव-धंदा विचारायचा, आणि शंभरातले सुमारे दोनच परत पाठवले जायचे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना कोणी व्हिसा मागितला नाही, कारण आजच्यासारखा व्हिसाच नव्हता. दार उघडं होतं. बंद होतं ते एका देशाच्या लोकांना: आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेनं चिनी मजुरांच्या येण्यावर बंदी घातली होती. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून ज्यांनी रेल्वे टाकली त्यांच्यावरच ही बंदी आली, आणि ती ६१ वर्षं टिकली. तेव्हा रांगेत शिस्तीनं उभं राहायचं म्हटलं, तरी चिनी माणसाला रांगच नव्हती.

येणं वेगळं आणि नागरिक होणं वेगळं. नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. बाहेरून आलेल्या माणसानं दोन वर्षं राहावं, वर्तन चांगलं असावं, आणि तो ‘मुक्त गोरा’ असावा, एवढ्याच अटी. राहण्याची मुदत पुढे पाच वर्षं झाली, मध्ये काही काळ चौदा, पुन्हा पाच. वंशाची अट मात्र पूर्णपणे जायला १९५२ साल उजाडावं लागलं. म्हणजे १६२ वर्षं.

तिथेच जन्मलेल्या काळ्या माणसांचं काय, हा प्रश्न १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते मुक्त असोत वा गुलाम, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. हा निकाल पुसायला यादवी युद्ध झालं, सहा लाखांहून अधिक माणसं मेली, आणि १८६८ मध्ये राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती आली. तिचं पहिलं वाक्य असं आहे: अमेरिकेत जन्मलेल्या किंवा नागरिकत्व मिळालेल्या, आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या, सर्व व्यक्ती अमेरिकेच्या नागरिक आहेत. ‘मुक्त झालेले गुलाम’ एवढंच लिहून भागलं असतं, पण लिहिलं ‘सर्व व्यक्ती’. हे नजरचुकीनंही झालेलं नाही. सिनेटमधल्या चर्चेत पेनसिल्व्हेनियाच्या कोवन यांनी चिनी आणि जिप्सी लोकांच्या मुलांचं नाव घेऊन विचारलं होतं, यांनाही नागरिक करणार का? कॅलिफोर्नियाचे कॉनेस उठले. ते स्वतः आयर्लंडमधून आलेले. त्यांनी सांगितलं, होय, चिनी आईबापांच्या मुलांनाही.

हे वाक्य कसाला लागलं ते वाँग किम आर्कच्या खटल्यात. वाँगचा जन्म १८७३ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅक्रामेंटो स्ट्रीटवरचा. आईबाप चिनी, छोटे दुकानदार. तो स्वतः स्वयंपाकी. चीनला जाऊन १८९५ च्या ऑगस्टमध्ये तो ‘कॉप्टिक’ बोटीनं परत आला. जन्म इथलाच असल्याची गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांची कागदपत्रं त्यानं जाण्याआधीच करून घेतली होती. तरीही जकात अधिकाऱ्यानं त्याला उतरू दिलं नाही. काही महिने तो बंदरातल्या बोटींवर कैदेत होता. एक बोट निघाली की त्याला दुसऱ्या बोटीवर चढवायचे. स्वतःच्या जन्मगावाच्या बंदरात, तिथल्याच पाण्यावर, तो परका म्हणून बसून होता.

सरकारचं म्हणणं होतं की आईबाप चीनच्या सम्राटाचे प्रजाजन, म्हणून मुलगाही त्याच सम्राटाचा. तो अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रात जन्मलाच नाही. वाँगला ‘मी इतर चिन्यांसारखा नाही’ असं म्हणायला वावच नव्हता. त्याच्या आईबापांना कायद्यानं कधीच नागरिक होता येणार नव्हतं आणि देशभर चिन्यांविरुद्ध संताप धुमसत होता. त्याच्या वकिलांनी घटनेतले दोन शब्द धरून ठेवले: सर्व व्यक्ती. २८ मार्च १८९८ ला सहा विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. न्यायमूर्ती ग्रे यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. परक्या प्रजाजनांची मुलं नागरिक नाहीत असं ठरवलं, तर इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश, जर्मन आईबापांच्या हजारो मुलांचं नागरिकत्वही जाईल, असं त्यांनी लिहिलं. गोऱ्यांच्या मुलांची आणि या स्वयंपाक्याची नाळ एकच होती, आणि ती कापायची तर दोघांचीही कापावी लागणार होती.

निकालानं वाँगचे हाल संपले नाहीत, हेही सांगायला हवं. काही वर्षांनी टेक्ससमधल्या एल पासो गावी त्याला पुन्हा धरलं आणि आपण नागरिक आहोत हे पुन्हा सिद्ध करावं लागलं. १९१० मध्ये त्याचा थोरला मुलगा आला, त्याला तर हा खरा मुलगाच नव्हे असं ठरवून परत पाठवलं. पण तो निकाल उभा राहिला. एडिसनच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या आमच्या बाळाच्या पासपोर्टखाली सॅन फ्रान्सिस्कोच्या या स्वयंपाक्याची कैद आहे.

जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या विरोधकांचं म्हणणंही मी ऐकून घेतलं आहे. काही लोक केवळ बाळंतपणासाठी तिथे जातात, हे खरं आहे. कायदा मोडून आलेल्याच्या मुलाला बक्षीस का, असंही विचारतात. पण घटना बाळाबद्दल बोलते आहे, बापाच्या गुन्ह्याबद्दल नाही. ‘अधिकारक्षेत्रात असलेल्या’ या शब्दांनी बाहेर ठेवले ते परदेशी वकिलातींतल्यांची मुलं, चालून आलेल्या शत्रुसैन्यातली मुलं आणि तेव्हाच्या समजुतीनुसार मूलनिवासी जमाती. ज्या भूमीवर सगळे उपरे येऊन वसले तिथल्या मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं, ही त्या देशाच्या इतिहासातली मोठी लाज आहे. आणि या व्याख्येत आईबापांचे कागद एकदा मोजायला घेतले, तर कुठल्या कागदावर थांबायचं हे त्या-त्या वेळचं सरकार ठरवणार. २०२५ चा हुकूम बेकायदांवर थांबला नाही. तो एच-वन-बीपर्यंत आला.

कायद्याची धार कोणाकडे कधी वळेल याचा नेम नसतो, याचा आणखी एक दाखला. १९०७ च्या कायद्यानं परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व आपोआप जायला लागलं. अस्सल गोरी, तिथेच जन्मलेली, पण नवरा परका म्हणून ती परकी. १९२२ मध्ये हे बरंचसं दुरुस्त केलं, तेव्हाही एक अट राहिली: नवरा ‘नागरिक होण्यास अपात्र’ वंशाचा असेल, तर तिचं नागरिकत्व जाणारच. ती अट सुटायला १९३१ साल लागलं.

आता आपली माणसं.

‘गोरा’ म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. न्यायालयं आपापल्या परीनं ठरवत. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मिळालं आणि १९१० मध्ये अपिलातही ते टिकलं. भारतात राहणारा इंग्रज जितका हिंदूंपासून वेगळा तितकाच पारशीही वेगळा, असं अपील न्यायालयानं म्हटलं होतं. म्हणजे ‘आम्ही त्यांच्यातले नव्हे’ हे वाक्य तिथे एकदा चाललं, हे मी लपवणार नाही. बलसारा आत गेले. त्याच वाक्याच्या जोरावर इतरांनी दार ठोठावलं तेव्हा काय झालं ते पाहा.

अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंद १९१३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत उतरले. ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत काम केलं, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले, पगडीसह गणवेश घातला. १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयानं ते पुन्हा दिलं, सरकार अपिलात गेलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, अहमदाबादेत जन्मलेले ब्राह्मण, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. नाव वाचताच कोणाही मराठी माणसाला ते घरचे वाटावेत. १९१४ मध्ये तेही अमेरिकेचे नागरिक झालेले होते.

थिंद यांच्या निकालाच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, बर्कलीत शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा. न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिलं की ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. थिंद यांच्या बाजूनं हेच सूत्र उचललं गेलं. वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, मग आम्ही गोरेच. आणि रक्त शुद्ध कशावरून? जातीवरून. उच्चवर्णीय माणूस बाहेर लग्न करत नाही म्हणून त्याचं रक्त भेसळीविना राहिलं आहे. एवढ्यावर न थांबता लेखी युक्तिवादात असंही मांडलं गेलं की सोयरिकीच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसंच पाहतो, जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. गोऱ्या न्यायाधीशांची मर्जी मिळवायला आपल्या माणसानं पुढे केलेला पुरावा हा होता, की तुम्ही ज्यांना तुडवता तसे आम्हीही घरी कोणाला तरी तुडवतो.

थिंद पश्चिम किनाऱ्यावर उतरले त्याच महिन्यात पूर्व किनाऱ्यावर, न्यूयॉर्कमध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा विद्यार्थी उतरला होता. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करणं हाच जातीचा गाभा, हे त्यांनीही मांडलं. पण त्यांच्या लेखी ती समाजाची कृत्रिम चिरफाड होती, बायकांचे बळी घेऊन टिकवलेली. वंशशुद्धीची कल्पना त्यांनी पुढे साफ मोडीत काढली. ज्या रूढीला एकानं अन्याय म्हणून उघडं पाडलं, तीच रूढी सात वर्षांनी दुसऱ्यानं पात्रतेचा दाखला म्हणून वॉशिंग्टनमध्ये सादर केली. त्या काळात निवड करायला दोन्ही वाटा होत्या.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. लिहिणारे पुन्हा सदरलंडच, स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत आलेले. त्यांनी आपलं तीन महिन्यांपूर्वीचं सूत्र बाजूला ठेवलं. शास्त्र काहीही म्हणो, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सर्वसामान्य माणूस जो समजतो तोच, आणि सर्वसामान्य माणूस हिंदूला गोरा समजत नाही. एकमतानं थिंद हरले. जातीचे नियमही रक्ताची भेसळ पुरती रोखू शकलेले दिसत नाहीत, एवढं म्हणून जातीचा दाखला बाजूला सारला.

परिणाम एकट्या थिंद यांच्यापुरता राहिला नाही. सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला खटले भरले. कॅलिफोर्नियात ‘नागरिक होण्यास अपात्र’ परक्यांना शेतजमीन घेता येत नव्हती, तिथले पंजाबी शेतकरी अडकले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन आले होते. ब्रिटिशांच्या गुलामीत जगायचं नाही म्हणून घर सोडलं आणि १९२१ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. ते नागरिकत्व गेलं, दुकान गेलं, आणि १९२८ मध्ये भारतात जाऊन यायला पासपोर्ट मागितला तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं उत्तर मिळालं. त्यांनी गॅस सोडून आत्महत्या केली. वर्तमानपत्राला लिहिलेल्या चिठ्ठीत त्यांनी विचारलं होतं की सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे. इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी, आणि मागचे पूल जळून गेलेले.

सखाराम पंडितांवरही खटला झाला, आणि त्यांनी तो जिंकला. या वेळी त्यांनी रक्ताची भाषा केली नाही. न्यायालयानं रीतसर चौकशी करून एकदा दिलेला निवाडा इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही. त्या निवाड्याच्या भरवशावर मी वकील झालो, घर केलं, लग्न केलं, आणि आता माझ्या अमेरिकन पत्नीचं नागरिकत्वही जाईल, असं ते म्हणाले. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचं मान्य केलं आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. मग सरकारनं इतर भारतीयांवरचे असे खटले सोडून दिले. अशिलासाठी वंश सांगितला तेव्हा ते हरले होते. कोणालाही लागू पडेल असा कायद्याचा मुद्दा मांडला तेव्हा ते स्वतः सुटले आणि त्यांच्यासोबत अनोळखी माणसंही सुटली.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला जागा फक्त शंभर. त्या कायद्याला क्लेअर बूथ लूस आणि ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर यांची नावं आहेत. हे सेलर पहिल्यांदाच निवडून आलेले नवखे खासदार असताना, १९२४ मध्ये, देशनिहाय कोट्याच्या कायद्याविरुद्ध बोलले होते. तो कायदा १८९० ची जनगणना धरून जागा वाटत होता, म्हणजे इटालियन, पोलिश, ज्यू मोठ्या संख्येनं येण्याआधीची. एकेचाळीस वर्षं ते त्याच्यामागे लागून राहिले आणि १९६५ मध्ये तो पाडणाऱ्या कायद्यालाही त्यांचंच नाव आहे. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून त्यावर सही केली.

आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर तिथे गेले ते या कायद्यामुळे. शिकागो, न्यू जर्सी, ह्यूस्टनची महाराष्ट्र मंडळं, गणपती, अधिवेशनं, सगळं त्यानंतरचं. आम्ही हुशारीवर गेलो असं आपण सांगतो, आणि हुशारी होतीच. पण हुशारी १९५५ मध्येही होती, तेव्हा जागा शंभर होत्या. दहा वर्षांत बदललं ते हे, की अलाबामा-मिसिसिपीतल्या काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, तुरुंग भरले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ च्या ऑगस्टमधला मतदान हक्काचा कायदा, त्यानंतर दोनच महिन्यांत हा. घरात वंशभेद संपवतो म्हणणाऱ्या देशाला दारावर वंश विचारणं अवघड झालं. चौदावी दुरुस्ती आणि १९६५ चा कायदा, आपले तिथले दोन्ही आधार त्या लोकांच्या रक्तातून आलेले आहेत. आपल्या दिवाणखान्यांत त्याच लोकांबद्दल जे बोललं जातं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१९६५ चा कायदाही निर्दोष नव्हता. पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला जागांची एकसारखी कमाल मर्यादा त्यानंच घातली. १९९० पासून नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, बायकामुलं धरून, आणि कुठल्याही एका देशाला त्यातला सर्वसाधारणपणे सात टक्के वाटा. आइसलंडला जेवढा तेवढाच भारताला. आणि देश मोजायचा तो नागरिकत्वाचा नाही, जन्माचा. नाशिकला जन्मून लहानपणीच कॅनडाचा नागरिक झालेला माणूसही भारताच्या रांगेत. भाचीच्या घरी दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डची रांग कुठवर आली हे सांगणारं सरकारी पत्रक, येतं तेव्हा जावई आधी कॅलेंडरवर तारीख लिहितो. कधी तीन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी, कधी चक्क मागे. तिच्या शेजारच्या मराठी घरातली मुलगी चौथ्या वर्षी तिथे गेली, २१ पूर्ण झाल्यावर आईबापांच्या अर्जातून बाहेर पडली, आणि आता त्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून फी भरते.

हा अन्याय आहे आणि तो जावा असं मला मनापासून वाटतं. मात्र तो काढताना आपण काय मागतो यावर सगळं आहे. ‘आम्ही जास्त लायक, आमचा वाटा वाढवा’ असं म्हटलं की इराणी, फिलिपिनो, नायजेरियन लोक आपल्या विरोधात उभे राहतात, आणि २०१९-२० मध्ये देशनिहाय मर्यादा काढण्याच्या विधेयकावर थोडंफार तसंच झालं. दोन्ही सभागृहांनी वेगवेगळी रूपं मंजूर केली आणि कायदा झालाच नाही. १९९० चा आकडा सगळ्यांसाठी वाढवा, बायकामुलं त्यात मोजू नका, रांगेत वाढलेल्या मुलांना बाहेर काढू नका, या मागण्या प्रत्येक देशाच्या माणसाला आपल्या वाटतील.

एवढं लिहिल्यावर स्वतःच्या घराकडेही पाहायला हवं. २९ एप्रिल १९४७ ला संविधान सभेत सरदार पटेलांनी बजावलं होतं की दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तिथलं नागरिकत्व मिळावं असं आपण मागतो, मग इथे संकुचित दृष्टी ठेवून चालणार नाही. आपल्या १९५५ च्या कायद्यात इथे जन्मलेलं मूल नागरिकच होतं. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप भारतीय असण्याची अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा आलेला नसावा अशी. ट्रम्प यांच्या हुकमात जे आहे त्याहून कडक काही आपल्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि एडिसनमधल्या बाळासाठी जीव तुटणाऱ्या आपण त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. मीही काढला नव्हता.

थिंद यांची गोष्ट १९२३ ला संपली नाही. १९३५ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं एक छोटा कायदा केला: पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेल्या, ‘अपात्र’ ठरवलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व द्यावं. त्यासाठी खासदारांचे उंबरे झिजवले ते टोकुतारो स्लोकम या माजी सैनिकानं. जन्म जपानमधला, फ्रान्समध्ये लढलेला, ओझावाच्या निकालानं नागरिकत्वाला मुकलेला. त्यानं मागताना जपानी, चिनी, भारतीय असा भेद केला नाही. गणवेश घातलेले सगळे मोजले. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये भगतसिंग थिंद तिसऱ्यांदा आणि कायमचे अमेरिकेचे नागरिक झाले.